टॉक्सिक कंपनी सोडली, चांगली नोकरी मिळाली, पण सही करताना हात अडतो. तुमचा आत्मविश्वास परत कसा आला?

मायक्रॉन
नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा मेकॅनिकल, काम क्वालिटीत. आधीची कंपनी चाकण पट्ट्यातली, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. नाव घेणार नाही, कृपया विचारूही नका.

तिथले आमचे साहेब रोज सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर ओरडायचे. पण मला ओरडण्याचा त्रास कमी झाला, खरा त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी लॉट रिजेक्ट केला की फोन यायचा, "डिस्पॅच अडवतेस का? पास कर." सगळं तोंडी, मेलवर कधीच नाही. पुढे कस्टमरची कंप्लेंट आली की त्याच लॉटमधला नग माझ्या हातात देऊन मला मीटिंगमध्ये उभं करायचे आणि विचारायचे, "ही सही कोणाची?" सही माझीच असायची. मग पुढच्या वेळी मी काटेकोर राहिले की ऐकायला मिळायचं, "हिला डिसिजन घेता येत नाही."

आता भोसरीत दुसऱ्या कंपनीत आहे. माणसं चांगली, साहेब शांत. शिफ्टच्या सुरुवातीला सेटिंग झालं की पहिला नग तपासून मी सही करायची आणि मग मशीन सुरू व्हायचं, एवढं साधं काम. २५ मिलिमीटरचा शाफ्ट, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, १५ मायक्रॉन वर-खाली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रीडिंग अगदी मधोमध येतं. तरी मी नग पुसून परत मोजते. मग दुसरा मायक्रोमीटर मागवते, त्याच्यावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर वाचते, परत मोजते. ऑपरेटर दादा बाजूला हात बांधून उभे, मशीन थांबलेलं. शेवटी साहेबांना फोन करते आणि ते म्हणतात, "अगं, क्वालिटीची तू आहेस, तू ठरव." हे वाक्य ऐकलं की पोटात गोळाच येतो.

जुन्या जागेतून बाहेर पडले की सगळं सुरळीत होईल असं वाटलं होतं. तसं का होत नाही? ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी सांगावं. "पॉझिटिव्ह विचार कर" हे घरीदारी ऐकून झालंय.

निशिगंध
पोस्ट वाचून अंगावर काटा आला. तो नग हातात देऊन उभं करण्याचा प्रकार फार वाईट. धागा फॉलो करतेय.

घाटवाट
सरळ दोन-तीन महिने सुट्टी घे. हिमालयात जा, ट्रेक कर, डोकं रिकामं होऊ दे. मी एक नोकरी सोडल्यावर तेच केलं होतं. परत आलो तेव्हा ताजातवाना होतो.

बोरकूट
@घाटवाट, घराचा हप्ता हिमालय भरतो का रे? :) गंमत सोड, पण नवीन नोकरी लागल्या लागल्या तीन महिने सुट्टी कोण देणार? आणि ती अडकलीय सहीपाशी. ट्रेकवरून परत आली तरी पहिला नग तिची वाट बघतच असेल.

परिचारिका_विदर्भ
ताई, मी नर्स आहे. आधी एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. तिथे रात्रपाळीला स्टाफ कमी, पेशंट जास्त, आणि काही कमीजास्त झालं की सिस्टरच्या नावाने बोंब. सीनियर डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोलायचे, "या बाईला कोणी नोकरी दिली?" औषध चढवायच्या आधी डोस तपासायचा हा आमचा धर्मच आहे, पण मी एवढ्या वेळा तपासायला लागले होते की एका पेशंटचं औषध संपवून दुसऱ्याकडे जाईपर्यंत उशीर व्हायचा. मग त्यावरून परत बोलणी.

आता सरकारी दवाखान्यात आहे. काम तिथल्यापेक्षा जास्तच आहे, पण कोणी अपमान करत नाही. मला बरं वाटलं ते एका सीनियर सिस्टरमुळे. मी आपली तिला सारखी विचारायची, "मॅडम, बरोबर आहे ना?" ती कधीच "हो" म्हणायची नाही. म्हणायची, "तू किती काढलं ते आधी सांग, मग मी सांगतो." मी सांगायची. बरोबरच असायचं. मग ती म्हणायची, "मंग मले काऊन विचारतं?" हे रोज चाललं. हळूहळू माझं विचारणंच बंद झालं.

तुझ्या साहेबांनी "तू ठरव" म्हणणं आणि तिने "तू आधी सांग" म्हणणं यात थोडाच फरक आहे, पण तो थोडासा फरकच महत्त्वाचा, असं मला वाटतं. ती माझ्याबरोबर उभी राहायची.

टूलरूम_काका
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आयुष्य टूलरूममध्ये, म्हणजे डाय-साचे बनवायच्या विभागात गेलं. आमचे फोरमन डाय चुकली तर ड्रॉइंग भिरकावून द्यायचे. शिव्या तर रोजच्याच. पण त्या माणसाने मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्समध्ये मिळालं नसतं. हल्ली जरा आवाज चढला की टॉक्सिक म्हणतात. कारखान्यात मायक्रॉनचा हिशेब असतो, तिथे मऊ बोलून कसं चालेल?

रेवा_२
काका, आदर ठेवून विचारते. तुमच्या फोरमननी कधी डाय स्वतः पास करून घेतली आणि नंतर तुमच्या नावावर ढकलली?

टूलरूम_काका
नाही. तसलं कधीच नाही. कस्टमर आला की सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचे. आत येऊन आमची पूजा बांधायचे ती वेगळी.

रेवा_२
मग हा फरक तुम्हीच सांगितलात. तुमच्या फोरमनचा राग चुकलेल्या डायवर होता. काय केलं तर ओरडा बसेल आणि काय केलं तर नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मायक्रॉनला ते कधीच कळू दिलं नाही. नग पास केला तरी मार, अडवला तरी मार. अशा ठिकाणी माणूस काम शिकत नाही, साहेबांचा चेहरा वाचायला शिकतो. आता नवीन साहेबांचा चेहरा शांत आहे, त्यात वाचण्यासारखं काही नाही, म्हणून ती फोन करून विचारतेय.

टूलरूम_काका
मुद्दा मान्य. शिव्यांची गोष्ट बाजूला ठेवतो. मायक्रॉन, एक कामाचं सांगतो. तोंडी पास हा प्रकार क्वालिटीत नसतोच. मापात न बसणारा लॉट सोडायचा असेल तर डेव्हिएशन नोट निघते. त्यावर कारण, नगांची संख्या आणि सोडणाऱ्या अधिकाऱ्याची सही असते. कस्टमरच्या मापाचा प्रश्न असेल तर कस्टमरची मंजुरीही लागते. तुझ्या जुन्या साहेबांनी तुझ्या सहीवर स्वतःचा निर्णय खपवला. ती सही तुझी असली तरी निर्णय तुझा नव्हता. हे डोक्यात पक्कं बसव.

मायक्रॉन
काका, हे वाचून रडू आलं खरंच. असं कोणीच म्हटलं नव्हतं मला. आणि @परिचारिका_विदर्भ ताई, तुमच्या त्या सिस्टरना नमस्कार सांगा.

अंतरंग
मी समुपदेशक आहे, ठाण्यात काम करते. मायक्रॉनने "असं का होतं" विचारलंय, त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

१९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे कुत्र्यांवरचे प्रयोग गाजले. काही कुत्र्यांना विजेचे झटके मिळायचे आणि ते काहीही करून थांबवता येत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं की मधला छोटा अडथळा ओलांडला की झटक्यातून सुटका. बऱ्याच कुत्र्यांनी तो ओलांडलाच नाही, ती तिथेच पडून राहिली. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही हे ती शिकली, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. आज ते प्रयोग क्रूर वाटतात, आणि आहेतच.

पण त्याच दोघांनी २०१६ मध्ये मेंदूवरच्या नंतरच्या संशोधनाच्या आधारे स्वतःची मांडणी उलटी केली. दीर्घ त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते "इथे माझ्या हातात काही आहे" हे. आणि हे शिकण्यासाठी परिस्थिती बदलणं पुरत नाही, आपण काही केलं आणि त्याने फरक पडला असा अनुभव यावा लागतो. म्हणून नोकरी बदलल्याबरोबर सगळं सुरळीत होत नाही. तुझी परिस्थिती बदललीय, अनुभव अजून साठायचाय.

बांडुरा यांनी १९७७ मध्ये, "हे मला जमेल" हा विश्वास कुठून येतो त्याचे चार स्रोत सांगितले. सगळ्यात भक्कम म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. मग आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं. मग विश्वासातल्या माणसाचे शब्द. आणि चौथं, आपल्या शरीराची अवस्था, म्हणजे छातीत धडधड होत असेल तर मन तिचा अर्थ "मला जमत नाहीये" असा लावतं. घरचे तुला देतायत तो तिसरा स्रोत, म्हणून तो पुरा पडत नाही. नर्सताईंना त्यांच्या सिस्टरनी पहिला मिळवून दिला.

एक धोक्याची सूचना. परत परत मोजल्याने तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि म्हणूनच ती सवय घट्ट होते. दहादा मोजून विश्वास वाढत नाही, शंकाच वाढते.

काकडआरती
"विश्वासातल्या माणसाचे शब्द" वरून आठवलं. नवरा अशाच एका ऑफिसातून बाहेर पडला तेव्हा मी त्याला सारखं "तू किती हुशार आहेस" म्हणायचे. एक दिवस तो चिडून म्हणाला, "तुला माझ्या कामातलं काय कळतं?" मला वाईट वाटलं, पण त्याचं खोटं नव्हतं. घरच्यांनी मग करायचं तरी काय?

अंतरंग
@काकडआरती, हुशारीचं सर्टिफिकेट देण्यापेक्षा ऐकून घ्या, आणि घरातलं रोजचं गाडं नीट चालू ठेवा. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, आठवड्यात एखादी संध्याकाळ ऑफिसचा विषय बंद. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा कात्रीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम माणसं झाली. त्यामागचं एक ठळक कारण म्हणजे त्यांच्या आयुष्यात निदान एक स्थिर, भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. तो अभ्यास मुलांचा होता, पण भरवशाच्या माणसाची गरज मोठेपणी संपते असं माझ्या कामात तरी मला कधी दिसलं नाही.

सह्यवारा
मला एका गोष्टीचा राग येतो आणि तो मांडतो. हा सगळा धागा मायक्रॉनने काय करावं यावर चाललाय. त्या साहेबाचं काय? तो तिथेच आहे, आता दुसऱ्या कोणाच्या तरी हातात नग देऊन उभं करत असेल. कंपन्या माणसं मोडतात आणि मग मोडलेल्यांसाठीच लवचिकतेची कार्यशाळा भरवतात, वर चहा-सामोसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली तीसुद्धा आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम, अशी केली. म्हणजे बोट कामाच्या जागेकडे आहे.

बोरकूट
+१. सामोसे तेवढे ठेवा, कार्यशाळा रद्द करा.

नागोया_निवासी
@सह्यवारा, मी जपानमध्ये ऑटो क्षेत्रातच आहे. इथे वरिष्ठांच्या अशा वागण्याला पॉवर हॅरेसमेंट म्हणतात. ते रोखण्याची व्यवस्था करणं कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. जून २०२० पासून मोठ्या कंपन्यांना, एप्रिल २०२२ पासून लहान-मध्यम कंपन्यांनाही. सरकारने त्याचे सहा प्रकार सांगितलेत. मारहाण, मानसिक छळ, एकटं पाडणं, अशक्य काम देणं, मुद्दाम अगदीच क्षुल्लक काम देणं आणि खाजगी आयुष्यात नाक खुपसणं. तक्रार ऐकायला कंपनीत जागा ठेवावीच लागते.

सगळं आलबेल आहे असं नाही. कायद्यात थेट शिक्षा नाही, आणि तक्रार केली तर बाकीचे काय म्हणतील ही भीती इथेही भरपूर आहे. तरी एक फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय. माझ्या हाताखालच्या मुलाला आधीच्या विभागात असाच त्रास झाला होता. त्याने ती यादी वाचली आणि पहिल्यांदा म्हणाला, "म्हणजे हे माझ्या स्वभावामुळे नव्हतं." तिथून त्याची गाडी रुळावर यायला लागली.

रेवा_२
आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे, पण तो कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाबद्दलचा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची, योग्य कारण असेल तर समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. मायक्रॉनचा प्रकार त्यात बसत नाही. निव्वळ अपमान आणि दमदाटी यावर आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे @सह्यवारा, तुमचा राग शंभर टक्के रास्त. पण तिला उद्या सकाळी सहा वाजता शिफ्टला उभं राहायचंय. दोन्ही बोलायला हवं.

शब्दवेल
लिहून काढण्याचा मला उपयोग झाला. पेनेबेकर नावाच्या संशोधकाने १९८६ पासून यावर काम केलंय. रोज पंधरा-वीस मिनिटं, सलग तीन-चार दिवस, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं. शुद्धलेखन नाही, कोणाला दाखवायचं नाही. पहिले दिवस जड जातात. मी जुन्या बॉसला उद्देशून लिहिलं आणि फाडून टाकलं. सगळ्यांना जमतंच असं नाही, लिहिताना फारच त्रास झाला तर सरळ थांबायचं.

घाटवाट
मी तर जुन्या ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला तेव्हा सुटलो. तोवर तिकडचे फोटो, तिकडचे वाढदिवस, बॉसचे सुविचार.

काकडआरती
अरे देवा, बॉसचे सुविचार! आमच्याकडे पहाटे पाचला यायचे, गुलाबाच्या फुलासकट.

बोरकूट
नवऱ्याच्या फोनवर तुम्हीसुद्धा वाचायचात म्हणजे!

निशिगंध
फोनच्या रिंगटोनचं कोणाला झालंय का? माझ्या जुन्या मॅनेजरसाठी मी वेगळी ट्यून लावली होती, लगेच उचलता यावा म्हणून. नोकरी सोडून बरेच दिवस झाल्यावर भाजी घेताना शेजारच्या बाईच्या पिशवीत तीच ट्यून वाजली आणि माझ्या हाताला घाम फुटला. भाजीवाला विचारतोय, "ताई, मेथी देऊ ना?" आणि मला बोलताच येईना.

अंतरंग
@निशिगंध, शरीर लवकर विसरत नाही, यात वेगळं काही नाही. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सारखी धडधड किंवा रडू येत असेल, जगण्यात राम नाही असं वाटत असेल, तर धाग्यावर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, मोफत आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मायक्रॉन, हे तुझ्यासाठीही आहे.

मायक्रॉन
झोप आता बरी आहे. जुन्या नोकरीत असताना अजिबात नव्हती. नंबर जपून ठेवलाय.

एक प्रश्न राहतोय. नवीन साहेबांना हे सांगावं का?

घाटवाट
अजिबात नाही. अप्रेझलला तेच बाहेर काढतील.

परिचारिका_विदर्भ
सांगून टाक. मी नसतं सांगितलं तर सिस्टरला कळलंच नसतं ना जी.

टूलरूम_काका
सगळी कहाणी सांगू नकोस, कामापुरतं सांग. "सुरुवातीचे काही दिवस पहिल्या नगाला मी निर्णय सांगेन, तुम्ही फक्त ऐका, चुकलं तर बोला." कुठल्याही साहेबाला हे कळतं. आणि जुन्या कंपनीची निंदा करू नकोस. इंटरव्ह्यूलाही हाच नियम. का सोडली विचारलं तर, "मला निर्णयाची जबाबदारी लेखी आणि स्पष्ट असेल अशा ठिकाणी काम करायचं होतं." खोटं काही नाही आणि उणंदुणंही नाही.

करवीर_गेज
उशिरा आलोय. मीपण क्वालिटीवालाच, कोल्हापुरात फौंड्री आणि मशीनिंग. सगळ्यांचं वाचलं. मायक्रॉन ताई, तुमच्या हातात हत्यार हाय आणि तुम्ही ते वापरेनासा. गेज आर अँड आर करा की!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मापात जो फरक येतो तो नगातला किती आणि मोजण्यातला किती, हे शोधायची ही पद्धत आहे. दहा नग घ्यायचे, नेहमीच्या उत्पादनातले, जरा लहान-मोठे. तीन माणसं. प्रत्येकाने प्रत्येक नग तीनदा मोजायचा, पण नगांचा क्रम दरवेळी बदलायचा आणि कुठला नग हातात आहे हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आकडे न मोजणारा वेगळाच माणूस लिहितो. मग गणित करायचं. मोजण्यातला फरक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असला तर मोजमाप चांगलं, १० ते ३० मध्ये असला तर कामाचं महत्त्व बघून ठरवायचं, ३० च्या वर गेला तर सुधारल्याशिवाय वापरायचं नाही. एकाच माणसाचं माप परत मोजल्यावर किती जुळतं आणि माणसामाणसात किती जुळतं, हेपण वेगवेगळं निघतं.

तुमच्या जुन्या साहेबाने तुमच्या मापावर शंका घातली ना? मग त्याला उत्तर मापानंच द्यायचं. साहेबांना सांगा, पहिल्या नगाच्या मायक्रोमीटरचा स्टडी करते, ऑपरेटर दादा, दुसरा इन्स्पेक्टर आणि मी. कंपनीला तो कधीतरी करायचाच असतो. कुणाला कहाणी सांगायची गरज न्हाई.

रेवा_२
या धाग्यावरचा सगळ्यात भारी प्रतिसाद. बांडुरांचा पहिला स्रोत थेट शॉप फ्लोअरवर.

अंतरंग
मलाही फार आवडला. एकच विनंती. हा स्टडी एकदाच, ठरवून आणि रीतसर व्हावा. पुन्हा पुन्हा मोजण्याचं ते नवीन निमित्त होऊ नये. आकडा आला की त्यावरून नियम ठरव, उदाहरणार्थ पहिल्या नगाला दोन रीडिंग, ठरलेल्या जागी, मग निर्णय. आणि नियम मोडून तिसऱ्यांदा मोजावंसं वाटलं तर ती अस्वस्थता तशीच राहू दे, मोजू नकोस. थोड्या वेळाने ती आपोआप उतरते. सुरुवातीला कठीण जाईल.

सह्यवारा
@करवीर_गेज, मानलं. आणि यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे तपासली जाते ती पद्धत. माणसाला उभं करून चौकशी नाही.

मायक्रॉन
मध्ये बरेच दिवस आले नाही, क्षमस्व. स्टडी झाला. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "आपला ड्यू होताच, तूच घे." नगांना मागच्या बाजूला नंबर टाकले आणि आकडे एका ट्रेनी मुलाने लिहिले. तो नंबर झाकून एकेक नग हातात द्यायचा. मोजताना मला सारखं वाटत होतं, माझेच आकडे विस्कटणार. ऑपरेटर दादा मात्र मजेत, म्हणे "मॅडम, आज आमची पण परीक्षा!"

एकूण आकडा १० टक्क्यांच्या आत आला. आणि तिघांत स्वतःच्याच मापाशी सगळ्यात जास्त जुळणारी मी निघाले. शीटवर तो तक्ता पाहत बसले होते. जुन्या कंपनीत रोज सांगितलं जायचं की मला मोजता येत नाही.

आता सेटअप शीटवर लिहून घेतलंय, पहिल्या नगाला दोन जागी रीडिंग आणि निर्णय. काकांनी सांगितलं तसं साहेबांना काही दिवस फक्त निर्णय कळवत होते. सगळं संपलं असं नाही. परवा टॉलरन्सच्या काठावर रीडिंग आलं तेव्हा परत पोटात गोळा आला. पण तेव्हा शंका घेणं बरोबरच होतं, सेटिंग खरंच सरकलं होतं. मी मशीन थांबवलं, ऑफसेट दुरुस्त करून घेतला. कोणी ओरडलं नाही. साहेब म्हणाले, "बरं झालं पकडलंस."

टूलरूम_काका
शाब्बास पोरी.

करवीर_गेज
नादखुळा! तक्त्याला फ्रेम करा.

परिचारिका_विदर्भ
लय भारी वाटलं वाचून.

अजून_आतच
हा धागा वाचून नाव नोंदवलं. मी अजून अशाच ठिकाणी आहे. क्वालिटीच, तोंडी पास, सगळं तेच. दुसरीकडे ऑफर आहे, पण नोटीस पिरियड ९० दिवसांचा आणि साहेब म्हणतात, "बघतो रिलीव्हिंग कसं मिळतं ते." हे ९० दिवस कसे काढू?

रेवा_२
राजीनामा मेलवर द्या, एचआरला मार्क करून, त्यात शेवटचा दिवस स्पष्ट लिहा. तोंडी धमकीला तोंडी उत्तर देऊ नका. शांतपणे मेल, "आपल्या आजच्या बोलण्यानुसार माझी रिलीव्हिंगची तारीख कळवावी."

मायक्रॉन
@अजून_आतच, आधी एक, तुम्ही एकटे नाही. आता कामाचं सांगते. तोंडी पास सांगितलं की लगेच दोन ओळींचा मेल टाका, "फोनवर सांगितल्याप्रमाणे अमुक लॉटबाबत डेव्हिएशन नोट मिळावी, तोपर्यंत लॉट होल्डवर ठेवला आहे." मी हे शेवटच्या महिन्यात सुरू केलं आणि तोंडी फोन निम्म्यावर आले. ओरडतील, पण सही तुमच्या ताब्यात राहील. पगाराच्या स्लिपा, नेमणूक पत्र, अप्रेझलची पत्रं आत्ताच स्वतःकडे घ्या. ड्रॉइंग किंवा कस्टमरचा डेटा मात्र अजिबात उचलू नका, तो कंपनीचा आहे आणि उद्या तोच तुमच्याविरुद्ध वापरतील. नवीन कंपनीच्या एचआरला रिलीव्हिंगला उशीर होऊ शकतो हे आधीच सांगून ठेवा, राजीनाम्याच्या मेलवर आणि पोचपावतीवर अनेक ठिकाणी काम भागतं. आणि पीएफच्या यूएएनवर (आपला पीएफचा कायमचा नंबर) त्यांनी सोडल्याची तारीख टाकली नाही तर घाबरू नका, शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती आपल्याला आधार ओटीपीने स्वतः टाकता येते. काही अडलं तर इथेच लिहा, मी रोज रात्री बघते.